टाळूवरचं लोणी

सालेकसा तालुक्यातलं दरेकसा पेपरात कधी येतं? नक्षलवाद्यांच्या दलमची बातमी असली की, नाहीतर माघ पौर्णिमेला कचारगडची जत्रा भरली की. केसांच्या क्लिनिकवाल्यांच्या शाखांत हे नाव शोधू नका.

जाहिरात मात्र न चुकता पोहोचते. जंगलात मोबाईलला रेंज सापडली रे सापडली, की पहिला हजर होतो तो ‘आधी’ टकला आणि ‘नंतर’ नवरदेव.

उपचाराचं नाव पीआरपी. तुमच्याच दंडातून थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, लाल पेशी तळाशी बसल्या की प्लेटलेट्सनी दाटलेला पिवळसर थर, म्हणजे प्लाझ्मा, उचलायचा आणि तुमच्याच टाळूत सुईने जागोजागी टोचायचा. रक्त तुमचं, डोकं तुमचं, दुखणंही तुमचं.

बिल त्यांचं.

सगळंच थोतांड आहे का? नाही. प्लेटलेट्समध्ये जखम भरून आणणारे घटक असतात. काही चाचण्यांत अनुवंशिक टकलाच्या रुग्णांचे केस थोडे दाटही झाले. पण कोणी रक्त एकदा फिरवतो, कोणी दोनदा. कोणी प्लेटलेट्स तिप्पट करतो, कोणी पाचपट. सर्वांनी मान्य केलेलं माप आजवर ठरलेलं नाही.

दर तेवढा ठरलेला आहे. सिटिंगचे काही हजार.

आणि जिथे केसांची मुळंच संपली, त्या गुळगुळीत भागावर काही उगवत नाही. हे कोणताही प्रामाणिक त्वचारोगतज्ज्ञ पहिल्या भेटीतच सांगतो. बाकीचे तिसऱ्या सिटिंगनंतर सांगतात.

आता खरी गंमत ऐका. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू असा दणकून ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. बाळंतिणीचेही गळतात. पुढे सहाएक महिन्यांत बहुतेकांचे आपोआप परत येतात. सालेकसा तालुक्यातल्या कोणत्याही आजीला विचारा. ‘ताप केसं घेऊन जाते, मग येतेत,’ एवढं सांगून ती कामाला लागेल.

पीआरपीचं वेळापत्रक काय? महिन्याला एक अशा तीन-चार सिटिंग आणि ‘रिझल्ट सहा महिन्यांनी बघा’.

केस येणारच होते. श्रेय कोणाचं?

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला चला. जानेवारी 2025. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत झडून टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर, शाम्पूवरही. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरची माणसं आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामाने जगभर ओळखले जाणारे, यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. सरकारी उत्तराची वाट बघता बघता पुष्कळांच्या डोक्यावर केस पुन्हा दिसायलाही लागले.

कल्पना करा, तेव्हा बोंडगावात एखादा पीआरपीवाला तंबू ठोकून बसला असता!

शंभर टक्के यश. बोर्डावर फोटोसकट.

बरं, अनुवंशिक टकलावर स्वस्तातलं औषध नाही असंही नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून डोक्याला लावून पाहिली. अमेरिकेत 1988 पासून टकलासाठी मंजूर आहे. पण बाटली घरी नेऊन रोज लावायची, तीही महिनोन्‌महिने. त्यात एसीची खोली नाही, रिसेप्शनवरची ‘सर’ अशी हाक नाही.

सुई टोचून घेतल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं का कुणाला?

सुईवरून आठवलं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत एका स्पामध्ये हाच प्लाझ्मा चेहऱ्यावर टोचत. परवाना नाही, स्वच्छता नाही. काही बायका तिथून एचआयव्ही घेऊन घरी गेल्या. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2024 मध्ये रीतसर अहवालच काढला. तेव्हा पार्लरच्या मागच्या खोलीत यंत्र घरघरताना दिसलं, तर केसांच्या आधी जीव मोजा.

हे सगळं गावातल्या पोरांना कळत नाही असं थोडंच आहे? कळतं. पण मार्गशीर्षात मुलगी बघायला जायचंय. बायोडेटात उंची लिहितात, पगार लिहितात, शेती लिहितात. टाळूसाठी रकाना नाही, म्हणून फोटो टोपी घालून काढतात. मग बाप म्हणतो, घे बाबा करून. आई म्हणते, लग्न झाल्यावर गळू देत.

पुढेही अधूनमधून ‘मेन्टेनन्स’ सिटिंग लागते, हे दोघांनाही अजून कोणी सांगितलेलं नाही.

धानाचा चुकारा खात्यात यायचाय. बोनसचं तर नावच नको. नागपूरची अपॉइंटमेंट मात्र पक्की झाली आहे, अॅडव्हान्स भरून.