नानांचा डावा हात

नानांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली ती डाव्या गुडघ्यासाठी. त्यांची उभी हयात टाटा ४०७ वर गेली. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातली कपाटं, कॅम्प पाचमधले जीन्सचे गठ्ठे, गणपतीची मखरं आणि अधूनमधून एखाद्या नातेवाइकाचं सबंध बिऱ्हाड त्यांनी वाहिलं. त्या हयातीतला बराचसा काळ श्रीराम चौक ते लालचक्की एवढ्याच अंतरात हाफ क्लचवर सरला. शेवटी गुडघ्यानं राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, क्लच बंद. ४०७ पुतण्याकडे गेली आणि धाकट्या मुलानं संधी साधली. त्याला पिकअप हवीच होती, पण सामान वाहायची नव्हे, फोटो काढायची.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो नाहीतर छोटा हत्ती. बिनक्लचची, चार दारांची, मागे हौदा असलेली ऐटबाज पिकअप घ्यायची तर दोनच नावं समोर येतात: इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स. नानांनी त्यातली कुठली घेतली ते सांगत नाही. हे त्यांच्या वाचनात आलं तर उगाच भाऊबंदकी नको. दोन्ही साधारण साडेसतरा फूट लांब. आणि नाना राहतात ते उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, पण कितीतरी पत्त्यांत अजून बॅरक नंबर आहेच. लष्करी ट्रक हलले त्यानंतर नानांच्या गल्लीत एवढी लांब गाडी हीच शिरली असावी. ती वळवताना निम्मी गल्ली 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत बाहेर असते.

पहिला महिना नानांनी गाडी 'डी'वर चालवली आणि त्या महिन्यात त्यांचं वजन उतरलं. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपली आपण सरपटायची. नानांना तो अपमान वाटे. "मी सांगितलं होतं का?" असं ते स्टिअरिंगला विचारत. गिअर कधी पडला ते कळायचंही नाही. डावा पाय रिकामा, डावा हात रिकामा, आणि निम्मं अंग बिनकामाचं ठेवून पोटाला खाणं नानांच्या तत्त्वात बसत नाही. त्यात एकदा व्हीनस चौकात जुन्या सवयीनं डावा पाय क्लच दाबायला गेला आणि सापडला रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली, मागच्या सीटवरच्या नानी पुढच्या सीटपर्यंत आल्या.

मग एके दिवशी पुतण्यानं दाखवलं, की दांडा 'डी'वरून बाजूला सरकवला की आणखी एक खाच आहे. तिथं अधिक आणि उणे अशा खुणा आहेत. पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. नानांचा चेहरा असा खुलला, जणू हरवलेला भाऊ जत्रेत सापडला. तेव्हापासून 'डी' म्हणजे नानांच्या लेखी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना.

आता त्यांच्या शेजारी बसून प्रवास करणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम आहे. कॅम्प ४ मधून निघताना नाना शर्टाची डावी बाही दुमडतात, फक्त डावी. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, मध्ये पाणीपुरीची गाडी. वेग एवढा की पायी जाणारा माणूस नानांशी बोलत बोलत बरोबर चालतो. अशात नाना एकाचा दोन करतात, दोनाचा पुन्हा एक करतात. प्रत्येक वेळी डावा पाय नसलेला क्लच दाबतोच. गाडीत बाकी सगळं नवंकोरं आहे, फक्त त्या जागची मॅट झिजली आहे. डॉक्टरांनी क्लच बंद केला होता. क्लच बंद झाला, व्यायाम चालू राहिला.

खरी गंमत पुढे आहे. गाडीतला कॉम्प्युटर नानांचं सगळं ऐकतोच असं नाही. वेगात असताना नानांनी खालचा गिअर मागितला आणि त्यानं इंजिनाचे फेरे भलतेच वाढणार असतील, तर तो 'टिंग' करतो आणि हुकूम गुंडाळून ठेवतो. गाडी थांबत आली की न सांगता खाली उतरतो. आणि काही गाड्यांत तर आकडा चार दिसला म्हणजे गाडी चौथ्यात आहे असंही नसतं. त्या चाराचा अर्थ 'चाराच्या वर जाऊ नकोस' एवढाच. खाली एक, दोन, तीन काय निवडायचं ते यंत्र आपल्या मर्जीनं ठरवतं. पुतण्यानं गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडून नानांना हे समजावायचा प्रयत्न केला. नाना म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यानं ४०७ चालवलीय का?" विषय संपला.

कोपऱ्यावरचे सिंधी दुकानदार रोज हे बघतात. एकदा न राहवून म्हणाले, "नाना, ऑटोमॅटिक का पैसा ज्यादा दिया, फिर हाथ क्यूँ चलाते हो?" नाना म्हणाले, "साईं, तुमने काउंटर पे मशीन लगाया, फिर नोट थूक लगा के क्यूँ गिनते हो?" दोघांनी बराच वेळ एकमेकांकडे आदरानं पाहिलं.

मला वाटतं मुद्दा तिथंच आहे. नाना यंत्राच्या विरोधात मुळीच नाहीत. यंत्र घरात आणायला तेच पहिले. फक्त ते आपल्याशिवाय चालतं ही बातमी त्यांना सोसत नाही. गच्चीवरच्या टाकीला त्यांनी स्वतः ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवून घेतला. टाकी भरली की पंप आपोआप बंद. तरीही पाणी आलं की नाना जिना चढून वर जातात (गुडघा!), झाकण काढून कोपरापर्यंत हात बुडवतात, मग खाली येऊन जाहीर करतात, "बंद झाला." वॉशिंग मशीन मध्येच थांबवून कपडे वरखाली करतात. मुलानं फोनवर वीजबिल परस्पर भरायची सोय करून दिली, तर नाना बिल गेल्याची खात्री करायला ऑफिसात जाऊन रांगेत उभे राहिले. रांगेत त्यांच्यासारखे आणखी चारजण भेटले. आता ते दर महिन्याला भेटतात.

त्यांना आकडे सांगून उपयोग नाही हेही मी करून पाहिलं. म्हटलं, नाना, हायलक्सच्या मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर ताकद आहे आणि ऑटोमॅटिकला ५००. म्हणजे कंपनीनंच बिनक्लचवालीला ऐंशी जास्त दिली. नाना क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरोबर आहे. चालवणारा कमी, म्हणून गाडीला जास्त लागते."

एवढी चेष्टा केल्यावर त्यांचं देणंही फेडलं पाहिजे. नानांचं गाव ओतूरकडचं. कांदा निघाला की हौद्यात पोती भरून ते मालशेज उतरून, मुरबाडवरून घरी येतात. मी एकदा बरोबर होतो. चढून गेलो होतो तेव्हा जी गाडी पोरखेळ वाटत होती, ती कांद्याच्या वजनानं उतारावर मागून ढकलू लागली. 'डी'वर सोडली असती तर गिअर वर चढत गेले असते, वेग वाढला असता आणि सगळा भार ब्रेकवर आला असता. ब्रेक तापले की पकडत नाहीत, हे घाटात उमगून फायदा नसतो. नानांनी धबधब्यांच्या अलीकडेच दांडा दोनदा मागे ओढला. इंजिन गुरगुरलं आणि गाडी जणू कुणी मागून धरून ठेवल्यासारखी उतरू लागली. ब्रेकला पाय फक्त वळणापुरता. आमच्या पुढची एक चकचकीत ऑटोमॅटिक पूर्ण घाटभर लाल दिवे लावून चालली होती. खाली आल्यावर ती कडेला उभी होती आणि चाकांना जळका वास येत होता. नानांनी काच खाली केली, वास घेतला, आणि काही न बोलता पुन्हा वर केली. त्या मौनात त्यांनी गेल्या वर्षभराची सगळी थट्टा वसूल केली.

तेव्हा ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक आहे त्यांना एवढंच सांगणं: त्या अधिक-उण्याच्या खाचेला शोभेची समजू नका. घाट उतरायला लागण्याआधी, वेग कमी असतानाच, खालच्या गिअरवर या. न्यूट्रल तर चुकूनही करू नका. आणि गाडी नाना चालवत असतील तर आठवण करून द्यायची गरज नाही. ते घरापासूनच खालच्या गिअरवर असतात.