बुरशीचं कूळ आणि ओलीचं मूळ

आमचा जिल्हा दुष्काळी आहे. हे आम्ही निवेदनांत, भाषणांत आणि टँकरच्या प्रस्तावांत इतक्यांदा लिहिलंय की आता ढगही ते गृहीत धरून चालतात. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला मात्र त्यांनी अजून दुष्काळी मानलेलं नाही. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. नगर शहराच्या वाट्याला त्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. तरीही भाद्रपद लागला की सावेडीपासून केडगावपर्यंत फ्लॅटाफ्लॅटांत कपाटामागे काळे ठिपके उमटतात, पुट्टीचे पोपडे सुटतात आणि पाहुणे नाक मुरडत विचारतात, "कसला वास येतोय हो?" नळाला पाणी एक दिवसाआड, भिंतीला चोवीस तास.

यात चमत्कार काही नाही. नळ कधी येईल याचा भरवसा नसल्याने आम्ही व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच झोपतो. पाणी पहाटे येतं, टाकी भरते, बॉल कॉक कधीचाच निकामी झालेला असतो. मग मुळा धरणातून उपसलेलं, विळदच्या पंपांनी ढकलत शहरात आणलेलं पाणी टाकीवरून गच्चीवर, गच्चीवरून कोब्याच्या भेगेत आणि भेगेतून खालच्यांच्या बेडरूममध्ये उतरतं. धरण ते भिंत अशी ही योजना कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा बिनचूक चालते. तिचं उद्घाटन तेवढं कुणी केलेलं नाही.

पूर्वी भिंतीला ओल आली की लोक गवंड्याला बोलवायचे. आता रिपोर्ट मागवतात. मोठ्या शहरातून एक नम्र तरुण येतो, खोलीच्या मधोमध स्टँडवर छोटासा पंप लावतो, हवा ओढून घेतो, भिंतीवरून कापसाचा बोळा फिरवतो आणि बूट घालून निघून जातो. काही दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ येते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम. घरातला नववीतला मुलगा ही नावं मोठ्याने वाचतो, आजी देव्हाऱ्यासमोर हात जोडते, आणि घरधनी सोसायटीच्या ग्रुपवर पीडीएफ टाकून खाली लिहितो, "गंभीर बाब आहे. कृपया दखल घ्यावी." सतरा अंगठे येतात. गळती तशीच.

आता या ॲस्परजिलस नायजरची थोडी ओळख करून देतो, कारण नगरकराची आणि त्याची ओळख जन्माची आहे. पारनेर, श्रीगोंदा, संगमनेरच्या चाळीतून आलेला कांदा हातात घ्या. वरच्या पापुद्र्याखाली शिरांच्या ओळीने काजळीसारखी काळी भुकटी दिसते. तुम्ही अंगठ्याने ती पुसता, पापुद्रा सोलून टाकता, कांदा चिरता आणि पोह्यांत घालता. तेच ते. त्याच बुरशीला साखरेच्या पाकात वाढवून कारखान्यांत सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, बनवतात. म्हणून उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवात सरबत मिळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून आपला शेतकरी ट्रायकोडर्माच्या पिशव्या पैसे मोजून आणतो आणि शेणखतात मिसळून रानात टाकतो. तीही बुरशीच, दुसऱ्या बुरशीला खाणारी. आणि मळीपासून दारू अन् इथेनॉल करणारं यीस्ट? तेही बुरशीच्याच घराण्यातलं. म्हणजे या जिल्ह्याचे कारखाने, कारखान्यांवरचं राजकारण आणि राजकारणावरच्या आपल्या चहाच्या टपऱ्या, सगळं एका बुरशीच्या पाठिंब्यावर उभं आहे. तिने पाठिंबा काढला तर किती सरकारं पडतील, याचा रिपोर्ट कुठलीच लॅब देणार नाही.

सांगायचा मुद्दा असा की बुरशीचे बीजाणू सगळीकडच्या हवेत असतात. माझ्या घरात आहेत, तुमच्या घरात आहेत, आयुक्तांच्या केबिनमध्येही आहेत. पंप लावला की काहीतरी सापडणारच. आणि जे सापडलं ते जास्त की कमी, हे ठरवायला आरोग्याच्या आधारावर मान्य झालेला आकडाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर जाडजूड मार्गदर्शिका काढली. तीत अशी मर्यादा ठरवता येत नाही असं सांगून भर दिला तो ओल हटवण्यावर. अमेरिकेत एक एक बीजाणू मोजायची हौस आणि पैसा दोन्ही आहे, तरी तिथली पर्यावरण संस्था म्हणते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नाही. आपल्याकडे उलटं. जे डोळ्यांना दिसतंय ते खरं आहे की नाही, यासाठी कागद लागतो.

रिपोर्टवर आमचं इतकं प्रेम का, हे सोसायटीच्या मीटिंगला बसल्याशिवाय कळत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं तर वर्गणी काढावी लागते. वर्गणी म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरचे गुरुजी विचारतात, "गच्ची आमच्या डोक्यावर नाही, मग आम्ही का द्यायचे?" तळमजल्यावरचे दुकानदार म्हणतात, "आधी तज्ज्ञांचा अहवाल येऊ द्या." अहवाल येतो. मग तो इंग्रजीत आहे म्हणून पुढची मीटिंग. मग दुसऱ्या लॅबचं मत घ्यावं अशी सूचना, तिला अनुमोदन, चहा, वेफर्स, आभारप्रदर्शन. तेवढ्यात दिवाळी येते, भिंत आपोआप वाळते आणि विषय पुढच्या आषाढापर्यंत तहकूब होतो. जिल्ह्याला २०२४ मध्ये नवं नाव मिळालं, रस्त्यांवरचे खड्डे जुन्याच नावाने हाका मारतात. तसं काळ्या डागाला लॅटिन नाव मिळालं की आम्हाला काम झाल्यासारखं वाटतं.

थोडी भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हे दोन शब्द ऐकून आपल्या पोटात गोळा आला होता. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी लोक या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये धावत होते. पण तो म्युकरमायकोसिस होता. कोविड, हाताबाहेर गेलेली साखर आणि स्टेरॉइड यांच्या तडाख्यात सापडलेल्यांना त्याने मुख्यतः गाठलं. ती बुरशी स्वतः काळी नसते, तिने मारलेलं मांस काळं पडतं. कपाटामागचे ठिपके ते नव्हेत. म्हणून ते निरुपद्रवी, असंही नाही. दमेकऱ्याला, तान्ह्या मुलाला, प्रतिकारशक्ती खालावलेल्याला ओलसर खोली बाधते. अशा घरात खोकला हटत नसेल तर डॉक्टरकडे जा आणि तपासायचंच असेल तर भिंतीआधी माणसाला तपासा.

इंग्लंडमधल्या रॉचडेलचा अवाब इशाक दोन वर्षांचा होता. २०२० च्या डिसेंबरात तो गेला. बुरशीने भरलेल्या घरात सतत राहिल्याने झालेल्या श्वसनाच्या गंभीर आजाराने तो गेला, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला. त्याच्या बापाने २०१७ मध्येच तक्रार केली होती. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. त्या मुलाच्या नावाने तिथे आता कायदा आहे. त्या घरातली बुरशी सगळ्यांना दिसत होती. इथे विनोद थांबतो.

तर मग करायचं काय? ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. बुरशीच्या बाबतीत निम्मंच पाळा. कूळ सोडा, मूळ शोधा.

एका जुन्या गवंड्याने माझ्यादेखत एक भिंत तपासली. आधी पांढऱ्या पट्ट्यावर ओला हात फिरवला. पांढरं विरघळून गेलं. "हा लोणा. मिठाचा. बुरशी नाय ही." मग काळ्या डागाशेजारी, कोरड्या पुसलेल्या जागी, स्वयंपाकघरातली चकचकीत फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून डकवली आणि दोन दिवसांनी आला. फॉइलच्या आतल्या बाजूला पाणी. "खोलीतली वाफ असती तर वरून दमट झाली असती. पाणी भिंतीतून येतंय, मालक. वर बाथरूम कुणाचंय?" मालक वर बघत राहिले, कारण वर त्यांचे साडू राहत होते. आता एवढ्या तपासणीनंतर कुठली लॅब काय वेगळं सांगणार?

मूळ सापडून ओल थांबली की उरलेलं काम पोतेऱ्याचं आहे. डाग हातभर-दोन हात असेल तर खिडक्या उघडा, मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. सुक्या ब्रशने घासलंत तर बीजाणू घरभर उडतील. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. फुगलेला प्लाय आणि भिजलेलं पीओपी वाचत नाही, ते काढूनच टाका. वरून रंग मारू नका. रॉचडेलला तेच सुचवलं होतं.

कागदाची हौस असेलच तर योग्य कागद करा. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा कायद्याचं कलम १४ म्हणतं. तिथे ॲस्परजिलसचं नाव उपयोगी पडत नाही. गळतीचे तारखेसह फोटो, लेखी तक्रार आणि इंजिनिअरचा दाखला लागतो. पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने काढायची, हे उपविधीत छापलेलं आहे. तो उपविधी गुरुजींना वाचायला द्या. वास येतो पण बुरशी कुठेच दिसत नाही, किंवा प्रकरण खरोखर कोर्टात उभं राहतंय, अशा वेळी लॅबवाल्या तरुणाला जरूर बोलवा. त्याचंही पोट आहे.

बाकीच्यांनी लॅबचा नंबर शोधायच्या आधी शिडी लावावी, गच्चीवर जावं आणि टाकीचा बॉल कॉक बदलावा. रंगाऱ्याला दिवाळीआधी बोलवायचं असेल तर प्लंबरला या आठवड्यात बोलवा.