लढतीआधीचा पैलवान

निपाणी-चिक्कोडी-बेळगाव पट्ट्यातल्या कुठल्याही मैदानात हा माणूस हलगीवाल्याच्या शेजारी सापडतो. सगळे त्याला अण्णा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं, पोट वयाच्याही पुढं. कान पैलवानांसारखे मोडलेले नाहीत, शाबूत; म्हणजे तालमीशी संबंध बघण्यापुरताच. कुस्ती लागली, खडाखडी सुरू झाली, की अण्णा उठून चहाला जातो. त्याचा जीव कुस्तीच्या आधीच्या भागात: पत्रक, पुकारा, शड्डू, आव्हान.

घरात त्याची एक पत्र्याची ट्रंक आहे. आत गुलाबी-पिवळ्या कागदावरची जुनी पत्रकं. ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असा मथळा, खाली दोन पैलवान छाती फुगवून समोरासमोर आणि मधे ‘विरुद्ध’. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी ट्रंक उघडते. मग जीपवरच्या कर्ण्यातून गावभर जसा पुकारा व्हायचा, तसा तो अण्णाच्या नाकातून होतो. गाडी लांब गेल्यावर बारीक होणाऱ्या आवाजासकट. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, हे तो आजही उद्याचं मैदान असल्यासारखं जाहीर करतो. एकसंबा चिक्कोडी तालुक्यातलं, त्यामुळं शेवटी शड्डू स्वतःच्या मांडीवर.

नव्वदीत केबल आली आणि अण्णाला दुसरं गुरुकुल मिळालं. डब्ल्यूडब्ल्यूएफमधली मारामारी त्याला पहिल्या दिवसापासून लुटुपुटूची वाटली. पण त्याआधी टकला, मिशीवाला जीन ओकरलंड माईक धरून उभा राहायचा आणि पुढचा गडी डोळे वटारून आव्हान द्यायचा, तेव्हा घरात कुणी शिंकायचं नाही. इंग्रजी कळत नव्हतं, अडलंही नाही. हल्क होगन पोरांना व्यायाम, प्रार्थना आणि व्हिटॅमिन सांगतो, हे कुणीतरी समजावल्यावर अण्णा म्हणाला, “म्हणजे जोर, मारुती आणि थंडाई. आमच्या वस्तादांनी वेगळं काय सांगितलं ओ?”

१९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारसमोर आलेला डब्ल्यूडब्ल्यूएफचा अंडरटेकर खरा नव्हता, ब्रायन ली होता, हा त्याचा हुकमी डाव. समोरच्याला माहीत नसेल तर तो चितपट. माहीत असेल तर अण्णा विषय बदलतो, म्हणजे कुस्ती बरोबरीत.

हा नाद घरात मुरला आहे. वहिनी भाजीत मीठ कमी घालतात, तर अण्णा ताटावरून आव्हान देतो. त्या फक्त “होय की ओ, जेवा आता” म्हणतात आणि अण्णा जेवतो. पोरीच्या लग्नपत्रिकेत त्यानं वधू-वरांचे फोटो समोरासमोर लावून मधे ‘विरुद्ध’ घातलं होतं. छापखानेवाल्यानं वेळेवर काढलं. अण्णाच्या मते, नंतरचा संसार बघता ठेवायला हरकत नव्हती.

त्याचं खरं दुखणं मात्र आजचं फ्लेक्स. त्यावर वरती पुढारी, बाजूला पुढाऱ्याचा मुलगा, खाली शुभेच्छुकांची रांग आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे दोन पैलवान. मराठी असो की कन्नड, मांडणी तीच. सीमाप्रश्न १९५६ पासून लटकला असला तरी या बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत आहे. अण्णा फ्लेक्सखाली उभा राहून विचारतो, “कुस्ती कुणाची हाय बे? आमदारांची?”

इथं मी अण्णाच्या बाजूनं. जुनं पत्रक बढाईखोर असेल, कुस्ती दोन मिनिटांत आटपायची आणि पत्रक दोन आठवडे गाजायचं. पण त्या बढाईचा धनी पैलवान होता.

तेव्हा तुमच्या माळ्यावर, जुन्या वहीत, देवळाच्या कपाटात मैदानाची पत्रकं असतील तर रद्दीत घालू नका. अण्णाकडे पाठवा. चहा मिळेल. पुकारा मात्र पूर्ण ऐकावा लागेल, जीप लांब जाईपर्यंत.