उजेडाकडे धरलेला माणूस

नाना नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले, पण ही बातमी त्यांच्या बोटांपर्यंत अजून पोचलेली नाही. कागद हातात आला की ते तो उजेडाकडे धरतात. लग्नपत्रिका असो, लाइटबिल असो, वाण्याची चिठ्ठी असो. नोटेसारखं त्यातही काहीतरी लपलेलं असणारच! जेल रोडला त्यांचं दुमजली घर आहे, वरचा वन बीएचके भाड्याने देतात. भाडेकरूलाही असंच धरून बघतात.

चपला कशा काढल्या, गाडी कुणाच्या गेटसमोर लावली, हे गॅलरीतून आधीच टिपलेलं असतं. मग, "मूळचे कुठले?" सिन्नर निघालं तर तिथल्या तिघांना फोन. निफाड निघालं तर द्राक्षं किती एकर. ओझरला एचएएलमध्ये असेल त्याला चहा, अंबडला कॉन्ट्रॅक्टवर असेल त्याला पाणी. बॅचलरला नुसतंच "कळवतो".

पूर्वी एवढ्यावर भागायचं. मग पुण्याच्या भाच्याने सिबिलचं खूळ डोक्यात घातलं. ३०० ते ९००; ७५०च्या पुढे माणूस चोख. नाना हरखले. नोटेसारखा माणसालाही नंबर आला! दुसऱ्याचा स्कोअर घरमालकाला परस्पर काढता येत नाही, म्हणून आलेल्यालाच मोबाइलवर उघडून दाखवायला लावतात.

स्वतःच्या बाजूचे कागद मात्र जरा पातळ. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करायची जबाबदारी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. नाही केला तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नाना अकरा महिन्यांचा करार नोटरीवर उरकतात. "जेल आपल्याच रोडला आहे, जायला रिक्षाही लागणार नाही," असं मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस बोलले नाहीत.

परवा एक नवी शिक्षिका आली, सोबत वडील. मी चहाला तिथेच होतो.

"बाळ, सिबिल?"

तिने मोबाइल पुढे केला. मायनस वन.

नाना खुर्चीतून अर्धे उठले. तीनशेच्या खाली माणूस जाऊ शकतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ही तर शून्याच्याही खाली!

"काका, कधी कर्ज घेतलं नाही, कार्ड नाही. हिशोबच नाही, म्हणून तसं दाखवतं."

"असं कसं? मीसुद्धा जन्मात कर्ज काढलं नाही. हे घर फंडाच्या पैशांवर उभं आहे!"

"मग तुमचा बघू या की," वडील म्हणाले.

आजवर शेकड्याने लोकांचे आधार-पॅन चाळणाऱ्या नानांनी स्वतःचा पॅन नंबर हाताचा आडोसा करून टाकला. ओटीपी तर आतल्या खोलीत जाऊन बघून आले.

मायनस वन.

नानांनी मोबाइल उचलला, ट्यूबलाइटकडे धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.