पाळीचं घड्याळ

बारामतीत राहून ‘आमचं घड्याळ बंद पडलंय’ असं चारचौघांत बोलायची सोय नाही. हे वाक्य मी 2024 च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या ऐन धामधुमीत, चहाच्या टपरीवर बोलून बसलो. टपरी गप्प झाली. एकानं इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, “कोण म्हणतंय?” दुसरा म्हणाला, “चार जूनच्या निकालात कळंल की बंद हाय का चालू.” तिसरा काही बोलला नाही, पण त्यानं माझ्या चहाचे पैसे द्यायचं रद्द केलं. शेवटी मी खिशातून आजोबांचं, म्हणजे आबांचं, घड्याळ काढून बाकावर ठेवलं, तेव्हा कुठं वातावरण निवळलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. 1999 साली घड्याळ चिन्ह घेऊन राष्ट्रवादी काँग्रेस निघाली तेव्हापासून बारामती भागात घड्याळ ही वस्तू मनगटावर कमी आणि भिंतींवर जास्त आढळते. पक्ष दुभंगला आणि 2024 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं घड्याळ एका गटाला दिलं. दुसऱ्या गटाच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. मग मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घड्याळ वापरा, पण या चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे हेही लोकांना जाहीरपणे सांगा. आमच्या घरच्या घड्याळाची स्थिती याहून वेगळी नव्हती. फक्त आमच्याकडे आयोगाऐवजी भावकी होती, आणि भावकी निकाल देत नाही, तारखा देते.

घड्याळ एचएमटीचं, मॉडेल ‘जनता’. सत्तरच्या दशकात भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचं उसाचं बिल हातात पडल्यावर आबांनी ते घेतलं. त्याच बिलात त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या चुलत आजोबांनी, म्हैस घेतली. त्या वेळी सगळ्या गावानं चुलत आजोबांना शहाणं ठरवलं. म्हैस चार वेतं देऊन गेली आणि घड्याळ राहिलं, त्यामुळे शहाणपणाचा हिशोब पुढं पुढं बदलत गेला.

आताच्या पोरांना एचएमटी सांगावी लागते. हिंदुस्तान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी, यंत्रं बनवणारी. 1961 साली तिनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला मनगटी घड्याळं काढायला सुरुवात केली. ‘देश की धडकन’ अशी तिची जाहिरात असायची, आणि ती फारशी खोटी नव्हती. नोकरी लागली की एचएमटी, लग्न ठरलं की एचएमटी, आणि जावई रुसला की कांचन मॉडेल. पुढं सेलवरची घड्याळं आली, मग मोबाइल आले, आणि 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली.

आबांच्या घड्याळाच्या डायलवर ‘सतरा ज्वेल्स’ असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. ते कुणीतरी आजीला वाचून दाखवलं. झालं! घड्याळात सतरा माणकं आहेत ही बातमी भावकीत पसरली, आणि वाटणीच्या वेळी चुलत आजीनं रीतसर मागणी केली की आठ-आठ वाटून घ्या आणि एक देवाला ठेवा. ती खरी माणकं असतात, पण कारखान्यात केलेली; टाचणीच्या डोक्याएवढी, चाकांच्या टोकांखाली झीज होऊ नये म्हणून बसवलेली. सतराच्या सतरा विकली तरी देवाची उदबत्ती येणार नाही. पण वाटणीत असलं कुणी ऐकून घेत नाही.

खरं भांडण मात्र माणकांचं नव्हतं, पाण्याचं होतं.

आमची जमीन इंदापूर तालुक्यात, सणसरच्या पुढं, नीरा डाव्या कालव्याच्या अंगाला. दोघा भावांत जमीन वाटली, घर वाटलं, भांडी वाटली. विहीर कशी वाटणार? तिची पाळी लागली: बारा तास आबांची मोटर, बारा तास धाकट्यांची. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. आठवड्यानं दिवसपाळी-रात्रपाळी बदलायची. बाहेरच्या माणसाला हे फार न्यायाचं वाटेल. पण सहा वाजले हे सांगायचं कुणी? घड्याळ एकट्या आबांकडं. धाकट्यांकडं म्हैस, आणि तिला वेळ फक्त धारेची कळायची. म्हणून त्यांनी कारखान्याचा भोंगा प्रमाण मानला. आबांचा आधार आकाशवाणी. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की आबा घड्याळ लावायचे आणि चावी द्यायचे. त्यासाठी हाताशी असावं म्हणून घड्याळ रात्रभर रेडिओच्या डोक्यावरच ठेवलेलं असायचं.

भोंगा आणि आबांची मोटर यांचं कधी जुळलं नाही. “भोंगा होऊन गेला तरी थोरल्याची मोटर चालूच,” असं धाकट्यांचं म्हणणं. “भोंगा वाजवणारा डुलक्या खातो,” असं आबांचं. यावरून बोलणं बंद झालं, ते दोघं गेल्यावरही बंदच राहिलं. आम्ही बारामतीत आलो, धाकट्यांचे चिरंजीव तात्या इंदापुरात. लग्नपत्रिका मात्र एकमेकांना जायच्या, आणि त्यात ‘आपले नम्र’च्या यादीत नाव कितव्या ओळीत आहे ते मोजलं जायचं.

असं हे घड्याळ मी दुरुस्त करायला काढलं. पहिल्या दुकानातल्या मुलानं ते उलटंपालटं केलं आणि विचारलं, “सेल कुठं बसतो?” सेल नसतो, चावी द्यावी लागते, असं सांगितल्यावर त्यानं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. दुसऱ्या दुकानात म्हणाले की आतलं मशीन काढून सेलवालं टाकून देतो, वरून काही कळणार नाही. माझ्या मुलालाही तेच पसंत होतं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, घड्याळ नवंकोरं दिसायला हवं होतं: डायल पांढरीशुभ्र करा, आकडे काळे करा, केसला सोनेरी पाणी चढवा. दुकानदार म्हणाला, करू की, मुंबईहून रंगवून आणतो.

इथं मी आडवा पडलो. जुन्या घड्याळांच्या शौकिनांत अशा मालाला एक नाव आहे, ‘मुंबई स्पेशल’. एका घड्याळाची केस, दुसऱ्याचं मशीन, काटे तिसऱ्याचे आणि डायल ताजी रंगवलेली. परदेशात बसून ऑनलाइन घड्याळं घेणारी गिऱ्हाइकं हा शब्द सावधगिरीचा इशारा म्हणून वापरतात. माझं मत स्पष्ट आहे. काच घासा, हवी तर टूथपेस्टनं घासा. ‘जनता’ची काच प्लास्टिकची असते, तिच्यावरचे ओरखडे टूथपेस्टनं खरंच जातात. पण डायलला हात लावू नका. आबांच्या डायलवर सहाच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे, तो उसाच्या पाण्याचा असो की चहाचा, तो पुसल्यावर उरेल ती नुसती जुनी एचएमटी. अण्णांना हे पटलं नाही. त्यांच्या मते डाग ठेवायचाच असेल तर घड्याळ दुरुस्त करायचं कशाला?

एवढ्यात तात्यांचा फोन आला. इतक्या वर्षांनी. बातमी त्यांना कुणी दिली ते विचारू नका. टपरीवर तिघं बसले होते एवढं पुरे.

“घड्याळ उघडताय म्हणं?”

“हो, तात्या. दुरुस्तीला.”

“उघडा. पण मी असल्याबिगर उघडायचं न्हाई. आत काय हाय ते मला बगायचंय.”

बारामतीत उघडायला तात्यांची हरकत, इंदापुरात उघडायला अण्णांची. शेवटी तटस्थ जागा ठरली, जंक्शन. हे आमच्या रस्त्यावरचं गाव. नाव जंक्शन असलं तरी तिथं रेल्वे नाही. शेजारीच वालचंदनगर. तिथल्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर हौसेखातर घरी चावीची घड्याळं दुरुस्त करतात, आणि ज्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात तिथल्या माणसाला ‘जनता’ उघडता येईल, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. भावकीतलं ते पहिलं एकमत.

फिटरसाहेबांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला, एका डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा दिसल्या, अक्षरं, आकडे, तारखेसारखं काहीतरी. तात्या एकदम पुढं झाले.

“हे बगा! थोरल्यानं पाण्याचा हिशोब लिवून ठेवलाय!”

“दुरुस्तीच्या खुणा आहेत,” फिटर म्हणाले. “प्रत्येक घड्याळजी आपली खूण कोरतो. हे तिघांच्या हातून गेलंय.”

मग त्यांनी चिमट्याच्या टोकानं एक जागा दाखवली. बॅलन्स चाकाच्या वर, नखाच्या कडेएवढी एक दांडी असते. ती एका बाजूला सरकवली की घड्याळ पुढं पळतं, दुसऱ्या बाजूला सरकवली की मागं पडतं. आबांच्या घड्याळात ती मागं पडण्याच्या बाजूला, अगदी शेवटाला ढकललेली होती.

तात्या खुर्चीत मागं रेलले. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो पुरावा समोर होता. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे आमचं म्हणणं खरं,” तात्या म्हणाले. “थोरल्यानं घड्याळ मुद्दाम मागं पाडलं. सहा वाजायचंच न्हाईत!”

फिटर कागदाच्या कडेला पेन्सिलीनं गणित करू लागले. दांडी पूर्ण सरकवली तरी दिवसाला फार तर पाच मिनिटं फरक पडणार. रोज सकाळी रेडिओवर घड्याळ लावलं जायचं, तेव्हा जास्त साठायचा प्रश्न नाही. म्हणजे बारा तासांच्या पाळीत अडीच मिनिटं. अडीच मिनिटांत मोटरचं पाणी दांडातून वाहत येऊन उसाच्या पहिल्या सरीच्या तोंडाशी पोचतं, एवढंच. तेवढ्यावर दोन घरांनी एकमेकांच्या मयतीला फक्त हजेरी लावली होती.

“पण इतकी का सरकवली असेल?” फिटर स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक छोटं होकायंत्र काढलं. घड्याळाजवळ नेताच सुई गरकन फिरली. “चुंबक चढलंय. हे कुठं लोखंडाजवळ, स्पीकरजवळ ठेवायचे का?”

रेडिओ! अण्णा आणि मी एकदमच बोललो.

मग आम्हाला समजावून सांगण्यात आलं. आतली केसाएवढी स्प्रिंग तासाला अठरा हजार ठोके मोजून देते. तिच्यात चुंबक शिरलं की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढं पळायला लागतं. मग घड्याळजी काय करतो? चुंबक काढायचं यंत्र नसेल तर दांडी मागं ओढतो.

आता अण्णा रेलले. “म्हणजे घड्याळ पुढं पळत होतं! आबांची पाळी वेळेआधी संपत होती! तात्या, आमचं पाणी तुमच्याकडं गेलंय!”

“भोंगा होऊन गेल्यावर मोटर चालू असायची, त्याचं काय?”

“भोंगा कोण धरतोय!”

फिटरांनी दोघांना थांबवलं. रेडिओनं पुढं पळवलेलं आणि दांडीनं मागं ओढलेलं, या दोन्ही चुका एकमेकींना खाऊन घड्याळ बहुतेक बरोबर वेळ दाखवत असणार, असं त्यांचं म्हणणं. हा निष्कर्ष मात्र कुणालाच मान्य झाला नाही. तात्या म्हणाले, यंत्रात राजकारण आहे. अण्णा म्हणाले, भोंग्याची चौकशी व्हायला हवी. घड्याळ बरोबर होतं असं मानलं तर भांडायला काहीच उरत नाही, आणि एवढी जुनी, तीन पिढ्यांनी जपलेली वस्तू अशी फुकट कोण सोडून देईल?

दुरुस्ती चोख झाली. सुटे भाग धुतले, तेल दिलं, घड्याळ एका यंत्रावरून फिरवून चुंबक क्षणात काढलं, दांडी मधोमध आणली. काच घासली. डाग आहे तिथं आहे. मग बिलावरून वाद पेटला, आणि तोही उलटा: अण्णा म्हणाले मी देणार, तात्या म्हणाले मी देणार. ज्याचे पैसे त्याचं घड्याळ, हे दोघांनाही ठाऊक होतं. फिटरांनी निम्मे-निम्मे घेतले आणि दोघांच्या नावानं वेगवेगळ्या पावत्या फाडल्या.

त्या पावत्यांच्या आधारे घड्याळाची आता पाळी लागली आहे. सहा महिने बारामती, सहा महिने इंदापूर. हस्तांतर जंक्शनला होतं, चहा होतो, जेवणही होऊ लागलं आहे. विहिरीवरची मोटर तात्यांचा मुलगा मोबाइलवरून चालू करतो. थ्री फेज जेव्हा येईल तेव्हा ती चालते, आणि त्या वेळी सहा वाजलेत की नऊ, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

तुमच्या घरात असं चावीचं घड्याळ पडून असेल तर जरूर दुरुस्त करून घ्या. डायल रंगवू नका, सेलवालं मशीन घालू देऊ नका आणि स्पीकरवर ठेवू नका. भावकीला कळवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. कळवलंत तर बिलाच्या पावत्या दोन घ्या.