आ करा, डॉक्टर!

खानदेशातल्या सावद्यात विषाणूबद्दल बोलायला कुणी लाजत नाही. "काय भो, हरण्या आला का तुह्या बागेत?" हा प्रश्न बसस्टँडवर विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि दहाव्याला कावळ्याची वाट बघतानाही विचारला जातो. हरण्या म्हणजे सीएमव्ही, केळीचा विषाणू. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड उपटायचं, गाडून टाकायचं आणि माव्यावर डोळा ठेवायचा. एकदा तो झाडात शिरला की कुठलाही फवारा चालत नाही, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ. म्हणून तर माणसं रोगमुक्त टिश्यूकल्चर रोपांसाठी आगाऊ नंबर लावतात.

याच भागात परवा दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. माझ्या आधी खुर्चीत एक आप्पा, सोबत त्यांची सून. मधे प्लायवूडचं पार्टिशन, म्हणजे आप्पांची मुलाखत आम्हा सातजणांना फुकट. "तंबाखू?" "थोडीशी." "थोडीशी म्हणजे किती पुड्या?" "दोन." (सुनेचा खोकला.) "बरं, चार." मग दारू झाली, बिडी झाली, तोंडाची घाण झाली. राज्यात २०१२ पासून बंद असलेल्या गुटख्याचीही चौकशी झाली. डॉक्टरांनी कशाचीही भीड ठेवली नाही. उत्तम.

मग सुनेनं भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं. अर्धं पोस्टर कॅलेंडरखाली गेलं होतं, उरलेल्या अर्ध्यावर 'एचपीव्ही लस' एवढंच दिसत होतं. "डॉक्टरसाहेब, हे आमच्या पोरीले द्यायची का? अकरावं लागलं तिले." इतका वेळ धडाधड बोलणारे डॉक्टर एकदम ड्रिलच्या सुईत काहीतरी शोधू लागले. "ते... बायकांचं आहे. लेडी डॉक्टरला विचारा."

बायकांचं? एचपीव्ही या विषाणूनं होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आपल्याकडच्या बाया 'पिशवीच्या तोंडाचा' म्हणतात. निदान 'तोंड' शब्द ऐकून तरी डॉक्टरांनी थांबायचं होतं! कारण हाच एचपीव्ही, विशेषतः त्याचा १६ नंबरचा प्रकार, जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलमध्येही कॅन्सर करतो, बाईच्या आणि बाप्याच्याही. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखूचाच, त्याचं पाप दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नये. लस घेतली म्हणून पुडी माफ होत नाही. पण घशाच्या त्या कोपऱ्यात उजेड मारून बघणारा, मानेतल्या गाठी चाचपणारा माणूस दातांचाही असतो. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०१८ मध्ये ठराव करून आपल्या सभासदांना या लसीबद्दल बोलायला सांगितलं. ओरेगॉन राज्यानं तर २०१९ मध्ये त्यांच्या हाती लसीची सुईच दिली. आमच्या डॉक्टरांकडून सुईची अपेक्षा नाही. चार वाक्यं बोला, चिठ्ठी लिहा.

लाजेचं कारण मला कळतं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, समोर सासरा बसलाय, सून बसलीय. पण हिपॅटायटिस बी कशातून पसरतो हो? रक्तातून, आणि शरीरसंबंधातूनही. त्याची लस आपण नुकत्याच जन्मलेल्या बाळाला टोचतो आणि बाळाच्या चारित्र्यावर कुणी शंका घेत नाही. दातांचे डॉक्टर तर धंद्याची गरज म्हणून स्वतः ती घेतात. त्यांच्या चारित्र्यावरही आमची शंका नाही.

आणि 'खेड्यातल्या बायांना हे कसं सांगायचं' ही सबब तर आपल्या राज्यात चालतच नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ५२ गावसमूहांत, १ लाख ३१ हजारांवर बायांना घेऊन टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी १९९९ पासून अभ्यास केला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते जगभर छापून आलं. त्या बाया काही पुण्याच्या कॉलेजातून आल्या नव्हत्या. त्यांना कुणीतरी नीट सांगितलं, त्या आल्या. तरीही देशात २०२२ च्या अंदाजानं वर्षाला १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या आसपास गेल्या. लसही परकी राहिलेली नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली.

मग सांगायचं कसं? डॉक्टर, पेशंटचा शरीरसंबंधांचा इतिहास विचारूच नका, त्याची गरज नाही. "ही कॅन्सर होऊ नये म्हणूनची लस आहे, नऊ ते चौदा वर्षांत घेतली तर उत्तम, माझ्या पोरीला मी हेच सांगेन," एवढं म्हणा. मुलगा समोर असेल तर त्याच्याबद्दलही म्हणा, मुलग्यांनाही ती चालते. आई म्हणाली, "इतक्या लवकर कायले?" तर सावद्याच्या माणसाला सावद्याच्या भाषेत सांगा: हरण्या बागेत शिरल्यावर रोगमुक्त रोपांसाठी नंबर लावता का? विषाणू यायच्या आधीच बंदोबस्त करायचा असतो. यापुढे एक शब्द लागणार नाही. "पोरगी बिघडंल" असं कुणी म्हटलंच, तर विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन कोण गंजक्या खिळ्यावर नाचायला गेलं होतं? आणि हेही सांगा, की लस घेतली तरी तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची तपासणी चुकवायची नाही.

शिवाय तुम्हाला मिळतो तितका सोयीचा श्रोता दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला मिळतो? तोंडात आरसा, कापूस आणि थुंकी ओढायची नळी. मधे बोलायची सोयच नाही. इतका गप्प बसलेला खानदेशी माणूस तुम्हाला ग्रामसभेतही दिसणार नाही.

माझी दाढ अजून अर्धी भरायची आहे, बुधवारी पुन्हा बोलावलंय. त्या दिवशी ते कॅलेंडर मी दुसऱ्या खिळ्यावर लावणार आहे. तुमच्या घरात नऊ ते चौदा वर्षांचं लेकरू असेल, तर तुम्हीही दाताच्या खुर्चीत आ करण्याआधी विचारून घ्या. नंतर बोलता येत नाही.