ओल्या फडक्याचं श्रेय

पुण्यातल्या सोसायटीत नवी गाडी बंद पडली, तर मालक कंपनीला फोन लावतो आणि शेजारी गॅलरीतूनच हळहळतात. प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की मात्र तेच शेजारी चपला अडकवून खाली उतरतात. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी या गाडीला धक्का मारलेला असतो, आणि धक्का मारणाऱ्याला इंजिनातलं कळतं अशी आपल्याकडे समजूत आहे.

गाडीही तशी सल्लागारांना उत्तेजन देणारी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ची ही देशी आवृत्ती तयार व्हायची. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्यूटर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, आणि हात घालायला ऐसपैस जागा. इंजिन चालायला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीनच गोष्टी वेळेवर पोचाव्या लागतात. म्हणजे संशयित तीन, आणि तपास अधिकारी सबंध बिल्डिंगभर.

अशाच एका पद्मिनीला उन्हाळ्यात चमत्कारिक दुखणं लागलं. सकाळी चोक ओढला की गाडी लगेच सुरू. हडपसरपर्यंत कसलीही तक्रार नाही. दिवे घाट चढायला लागली की मात्र मिसिंग सुरू व्हायचं, मग आचके, आणि खाली मस्तानी तलाव दिसू लागला की गाडी गप्प.

"तिला तरी देखावा बघायची हौस आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आपणहून कधी थांबला नसतात."

मालकांनी देखाव्याकडे पाठ करून बॉनेट उघडलं, फडका भिजवला आणि पेट्रोलच्या पंपावर टाकला. थर्मासमधला चहा झाल्यावर स्टार्टर मारला, तर गाडी सुरू! "व्हेपर लॉक!" मालकांनी जाहीर केलं. निदान काही अडाणीपणाचं नव्हतं. या गाडीचा पंप थेट इंजिनावर बसवलेला असतो. तो फार तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. त्यावर ओला फडका हा जुन्या ड्रायव्हरांचा हुकमी इलाज. पुढच्या खेपेला मालकांनी खबरदारी म्हणून घरूनच पंपाला ओला फडका गुंडाळून नेला. गाडी तलाव दिसताच बंद पडली.

मग पार्किंगमध्ये परिषद भरली. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी बॉनेटमध्ये न डोकावताच सांगितलं, "जेटमध्ये कचरा." कार्ब्युरेटरवर सगळ्यांचाच डोळा असतो, कारण तो उघडायला मजा येते. वर्तमानपत्र पसरून तो उघडला गेला. जेट ट्यूबलाइटकडे धरून प्रत्येकाने आळीपाळीने एक डोळा मिटून पाहिला. भोक स्वच्छ होतं. तरी सायकलच्या पंपाने हवा मारली, कारण एवढं उघडून काहीच न करणं बरं दिसलं नसतं. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी इथेनॉलवर ठपका ठेवला. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप खराब होतात, हे खरंच. म्हणून पाइप बदलले. तिसऱ्यांनी प्लग बदलायला लावले. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी पार्किंगमध्ये उत्तम चालली. पार्किंगमध्ये ती आधीही उत्तमच चालत होती.

शेवटी मालकांनी एका जुन्या मेस्त्रीला फोन लावला. हयात मुंबईच्या टॅक्सींखाली उताणं पडून घालवलेला माणूस. २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी गेली. मेस्त्रींच्या कानातून तिचा आवाज काही गेला नव्हता.

"साहेब, बंद पडली की तुम्ही काय करता?"

"फडका टाकतो."

"आणि मग?"

"चहा पितो."

"या वेळी नुसता चहा प्या."

नुसता चहा प्यायला, तरीही गाडी सुरू झाली. गुण फडक्याचा नव्हता, चहाला लागणाऱ्या वेळाचा होता. गाडीतलं काहीतरी तापल्यावर काम सोडत होतं आणि निवलं की मुकाट्याने कामाला लागत होतं.

"पुढच्या वेळी बंद पडल्या पडल्या करंट बघा," मेस्त्री म्हणाले. "पेट्रोलच्या वाटेला मात्र तेव्हा जाऊ नका, नाहीतर नको तिथे ठिणगी मिळेल." त्याप्रमाणे घाटात प्लग काढून वायरला जोडला, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मालकीणबाईंनी स्टार्टर मारला. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी होती. दिसली ती पिवळट, मरतुकडी, तीही अधूनमधून.

डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी मिळते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडतं. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी अंगठ्याच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. त्याच्या आतलं इन्शुलेशन कमजोर झालं की थंड असेपर्यंत तो साथ देतो आणि तापला की हात वर करतो. कॉइललाही हाच आजार होतो. पण कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदलायचा.

नाना पेठेत दुकानदाराने विचारलं, "कंपनीचा देऊ की साधा?" पद्मिनी बनायची थांबून दोन दशकं उलटली, तरी हा प्रश्न टिकून आहे. मालकांनी कंपनीचा घेतला. जुने पॉइंट काळे पडून खडबडीत झाले होते, तेही बदलले. गॅप लावायला फीलर गेज सापडेना, तेव्हा विमा एजंटांचं व्हिजिटिंग कार्ड घालून लावला. त्यांच्या निदानापेक्षा कार्डाचा उपयोग जास्त झाला.

रविवारी गाडी एका दमात घाट चढली. "आता तरी तलावापाशी थांबा," असं मालकीणबाईंनी सुचवलं, पण चालती गाडी थांबवायची मालकांची छाती झाली नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये विमा एजंट जेटबद्दल आणि बँकवाले पाइपांबद्दल अभिनंदन स्वीकारत होते.

मालक जुना कंडेन्सर पुसून, कागदात गुंडाळून डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवत होते.

"अहो, तो बिघडलाय ना?"

"तापल्यावर बिघडतो. डिसेंबरात चालेल."